सुताची लडी आणि रंगाची शाळा

आमच्या सोलापुरास रंगाची वाण कधींच नव्हती. चाटी गल्लींत शिरावें तों एकेका गादीवर डाळिंबी, अंजिरी, मोतिया, चिंतामणी, अबोली अशीं लुगडीं उलगडून पडलेलीं दिसतात. पूर्व भागांत जावें तों एखाद्या रंगखान्याच्या अंगणांत ओल्या सुताच्या लड्या बांबूंवर ओळीनें ठिबकत असतात, आणि शेजारच्या गटाराला त्या दिवशींचा रंग आलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत उभी राहिलेली जुनी गिरणी आतां नाहीं, तिच्या मागून आलेल्या मोठ्या गिरण्यांचे भोंगेही थांबले; पण तेलंगणांतून पिढ्यांपूर्वीं आलेल्या पद्मशाली विणकरांचे माग चालूच आहेत, आणि चादर व टॉवेल ह्या दोन जिनसांमुळें ह्या शहराचें नांव अजून घरोघर घेतलें जातें. असें असतां रंग म्हणजे काय, आणि तो मुलांना क्रमानें कसा शिकवावा, ह्याचा विचार आपल्या सुशिक्षित घरांत जवळजवळ होतच नाहीं. गणिताला शिकवणी, इंग्रजीला शिकवणी. रंगाला मात्र बारा वड्यांची एक पेटी आणून दिली, कीं आपलें कर्तव्य संपलें! आम्हीही ह्याच समजुतीचे होतों. ती समजूत आमच्याच घरांतील एका प्रसंगानें मोडली. तो प्रसंग आधीं सांगतों, शास्त्र मागाहून.

आमचा धाकटा पुतण्या नऊ वर्षांचा आहे. मुलगा हुशार, पाढे तोंडपाठ. पण चित्रकलेच्या वहींत त्यानें एके दिवशीं आंब्याचें झाड काढलें तें तपकिरी पानांचें आणि हिरव्या खोडाचें. मास्तरांना ही थट्टा वाटली. त्यांनीं वर्गापुढें वही उंच धरून दाखविली, मुलें हंसलीं, आणि वहीच्या कोपऱ्यांत तांबड्या शाईचा शेरा आला, 'लक्ष नाहीं.' मुलगा घरीं आला तो वही दप्तराच्या तळाशीं घालून. ती आमच्या वहिनींच्या हातीं पडली, तेव्हां घरांतील जो तो त्याला उपदेश करूं लागला. आम्हींही केला. "पानें हिरवीं असतात हें तुला ठाऊक नाहीं का?" असें विचारतां तो म्हणाला, "ठाऊक आहे, काका. पण हिरवी वडी कोणती तें ठाऊक नाहीं."

हें उत्तर त्या वेळीं आम्हांस उद्धटपणाचें वाटलें, हें लिहितांना लाज वाटते. उलगडा केला तो आमच्या मातोश्रींनीं. सकाळीं पूजेसाठीं जास्वंदीचीं फुलें आणण्याचें काम ह्या मुलाकडे असे, आणि झाड फुलांनीं लगडलेलें असलें तरी तो पांच-सहाच फुलें घेऊन येई. कामचुकार म्हणून त्याबद्दल त्यानें बोलणींही खाल्लीं होतीं. मातोश्री म्हणाल्या, "अरे, मी खिडकींतून रोज बघतें. तो फुलें बघत नाहीं, चांचपतो. हाताला लागेल तें तोडतो."

तें ऐकून वहिनी एकाएकीं गप्प झाल्या. कां, तें पुढें येईल.

हा प्रश्न डोक्यांत घेऊन आम्ही पुस्तकें चाळूं लागलों, तेव्हां एक मौज ध्यानांत आली. रंगाच्या शास्त्राच्या व रंगाच्या शिक्षणाच्या इतिहासांत चित्रकाराचा कुंचला जितका आहे, तितकाच विणकराचा धागाही आहे. इ. स. १८२४ मध्यें पॅरिस येथील गोब्लँ ह्या प्रसिद्ध सरकारी विणकामशाळेंत रंगकामाचा प्रमुख म्हणून मिशेल युजेन शेव्हरल ह्या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. चरबीच्या रसायनावर ह्या गृहस्थाचें नांव आधींच झालें होतें. तेथें त्याच्याकडे गाऱ्हाणें आलें, कीं निळ्या-जांभळ्या वस्त्राच्या सांवलीसाठीं वापरलेलें काळें सूत निस्तेज दिसतें. तेव्हां काळा रंग नीट बसत नसावा. शेव्हरलनें तें सूत दुसरीकडच्या उत्तम काळ्या सुताशीं ताडून पाहिलें, तों त्यांत कांहींच उणें नव्हतें. दोष सुतांत नव्हता, शेजारांत होता. निळ्याच्या कुशींत बसविलेल्या काळ्यावर डोळा आपल्याच पदरची नारिंगी झाक टाकतो, आणि काळें भुरकट भासूं लागतें. शेजारशेजारचे रंग एकमेकांस आपापल्या विरोधाकडे ढकलतात, हा नियम त्यानें पुढें शेंकडों प्रयोगांनीं पक्का केला व १८३९ सालीं त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. हा मनुष्य १८८९ सालीं वयाच्या एकशेदोनाव्या वर्षीं वारला. तोंपर्यंत फ्रान्समधील चित्रकारांची एक सबंध पिढी त्याच्या नियमावर चित्रें रंगवूं लागली होती.

ह्याचा प्रत्यय घरच्या घरीं घेतां येतो. एक तांबडा व एक हिरवा असे दोन कागद घ्यावे. राखाडी कागदाचे अगदीं सारखे दोन चौकोन कापून एकेकाच्या मध्यभागीं ठेवावे, आणि वर पतंगाचा पातळ पांढरा कागद अंथरावा. तांबड्यावरचा राखाडी चौकोन हिरवट दिसेल, हिरव्यावरचा गुलाबीसर. आमच्या घरीं हा प्रयोग केला तेव्हां दोन्ही चौकोन एकाच कागदाचे आहेत हें आमच्या वडील बंधूंस पटेना. त्यांनीं ते काढून, जुळवून, पुन्हां ठेवून पाहिले, तेव्हां कुठें त्यांचें समाधान झालें.

सोलापुरी चादरीवर तर हा धडा रोजच्या अंथरुणांत मांडलेला आहे. जॅकार्ड मागावर विणलेली ही चादर दोहों बाजूंनीं वापरतां येते. एका बाजूस जमीन निळी व मोर पांढरा असेल, तर उलट्या बाजूस जमीन पांढरी आणि मोर निळा. सूत तेंच, रंग तेच. पण पांढऱ्या जमिनीवरचा मोर आटोपशीर व गडद वाटतो, तर निळ्यावरचा पांढरा मोर त्याच मापाचा असूनही किंचित् फुगलेला भासतो. आमच्या स्त्रिया चोळीचा खण नुसता हातांत घेऊन पसंत करीत नाहींत, लुगड्याच्या काठाला लावून पाहतात, आणि तेवढ्यानेंही न भागतां दोन्ही घेऊन दुकानाच्या पायरीपर्यंत उन्हांत येतात. दुकानदार कंटाळतो, बरोबरचे पुरुष घड्याळ पाहतात. पण बायकांचें बरोबर असतें. दोन निरनिराळ्या द्रव्यांनीं रंगविलेलीं वस्त्रें दिव्याखालीं एक दिसून उन्हांत फुटून वेगळीं होऊं शकतात; दिव्याचा प्रकाश व सूर्याचा प्रकाश ह्यांची घडणच निराळी असते.

आतां मिश्रणाकडे वळूं. तांबडा, पिवळा व निळा हे तीन मूळ रंग, बाकीचे त्यांपासून होतात, एवढें शाळेंत शिकवितात. हें खोटें नव्हे, पण फार अपुरें आहे. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रांत, नटाच्या अंगाला रंग लावण्याच्या प्रकरणीं, पांढरा, निळा, पिवळा व तांबडा असे चार स्वभावज रंग मानून त्यांच्या जोड्या लावल्या आहेत: पांढऱ्यांत पिवळा घातला कीं पांडु, निळा घातला कीं कपोत, तांबडा घातला कीं पद्म, पिवळा व निळा मिळून हरित, निळा व तांबडा मिळून काषाय, तांबडा व पिवळा मिळून गौर. प्रत्यक्ष खलांत घोटून पाहिल्याखेरीज असा तक्ता कोणी रचणार नाहीं. ह्यांतला कपोत म्हणजे आपला पारवा. करुणरसाला भरतानें हाच रंग दिला आहे, आणि पावसाळ्यांतील सायंकाळचें आभाळ ज्यानें पाहिलें आहे त्याला ह्याचें कारण विचारावें लागणार नाहीं.

युरोपांत याकोब ल ब्लों नांवाच्या छापणाऱ्यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं तांबड्या, पिवळ्या व निळ्या अशा तीन ठशांनीं रंगीत चित्रें छापून दाखविलीं. त्याच सुमारास, १७०४ सालीं, न्यूटनचा प्रकाशावरील ग्रंथ निघाला. लोलकांतून पांढरा प्रकाश फोडून त्यानें जो पट्टा मिळविला, त्याचे सात भाग मानले व ते वर्तुळांत बसविले. सातच कां? तर संगीताच्या सप्तकाशीं मेळ बसावा म्हणून! पट्ट्यांत कोठेंही रेघ ओढलेली नसते. सात हा आंकडा डोळ्याचा नव्हे, कानाचा आहे. आपण तो मुलांकडून अजून घोकून घेतों.

ह्यानंतर दीडशें वर्षें एक घोटाळा चालला. न्यूटन म्हणे, सर्व रंग मिळून पांढरा होतो. चित्रकार म्हणत, आमच्या पाटीवर सर्व रंग मिळून चिखल होतो. जर्मन कवि गटे ह्यानें १८१० सालीं रंगावर भला मोठा ग्रंथ लिहून न्यूटनशीं भांडणच मांडलें. त्यांतील पदार्थविज्ञान टिकलें नाहीं, पण पडछायांच्या रंगांविषयींचीं त्याचीं निरीक्षणें आजही वाचण्यासारखीं आहेत. गांठ सोडविली ती हेल्महोल्त्झनें, १८५२ सालीं. प्रकाशांत प्रकाश मिसळणें ही बेरीज आहे, कारण डोळ्यांत अधिक उजेड येतो. रंगाच्या लगद्यांत लगदा मिसळणें ही वजाबाकी आहे, कारण प्रत्येक लगदा आपापला वाटा गिळून टाकतो व उरलें तेवढेंच बाहेर सोडतो. निळा व पिवळा लगदा मिळून हिरवा होतो, तो दोघांनीं मिळून गिळल्यावर हिरवाच काय तो शिल्लक राहतो म्हणून.

विणकराचें मिश्रण मात्र ह्या दोहोंत बसत नाहीं. उभें सूत निळें व आडवें सूत पिवळें घेऊन बारीक विणावें, आणि दहा पावलांवरून पहावें. चित्रकलेचा विद्यार्थी म्हणेल, हिरवें दिसेल. तसें होत नाहीं. करडें, फार तर हिरवट करडें वस्त्र दिसतें. धागे एकमेकांत विरघळत नाहींत. डोळाच दोहोंची सरासरी काढतो. ही बेरीजही नव्हे, वजाबाकीही नव्हे, ही वांटणी आहे. म्हणून मुलाला एकच नियम शिकवून तो दिव्याला, लगद्याला व सुताला सारखाच लावायला सांगणें म्हणजे शेराचें माप घेऊन कापड मोजण्यासारखें आहे.

तीन मूळ रंगांच्या नांवांतही दुरुस्ती हवी. छापखान्यांत आज काळ्याच्या जोडीला जे तीन रंग वापरतात त्यांत आपला तांबडा नाहीं व आपला निळाही नाहीं. पिवळ्याबरोबर राणी रंग व फिरोजी रंग आहेत. राणी आणि पिवळा मिळून उत्तम तांबडा होतो. परंतु तांबडा आणि निळा मिळून झळझळीत जांभळा व्हावा म्हणून मुलगा तासभर घोटीत बसला, तरी त्याच्या बशींत वांग्याच्या सालीसारखा मळकट रंगच उतरतो. मग तो रडकुंडीला येतो, आणि आपण त्याला हात हलका ठेवायला सांगतों. हात हलका असतोच. वडी चुकीची असते.

सुतावर रंग बसविणाऱ्यांचा इतिहास हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथें दोन शब्द पुरेत. नीळ, मंजिष्ठ, आल, कुसुंबा, हळद ह्यांवर आपला देश शतकानुशतकें रंगला. एकाच मंजिष्ठेंतून तुरटी दिली कीं तांबडा आणि लोखंडाचें पाणी दिलें कीं काळपट जांभळा निघतो, हें आपल्या रंगाऱ्यांस पूर्वापार माहीत होतें. १८५६ सालीं अठरा वर्षांचा विल्यम पर्किन हिंवतापावरील कोयनेल बनवायला गेला आणि त्याच्या भांड्यांत जांभळा रंग निघाला. १८६८ त मंजिष्ठेचें रंगद्रव्य प्रयोगशाळेंत तयार झालें. १८९७ त जर्मनांची कृत्रिम नीळ बाजारांत आली, आणि आपल्या निळीच्या शेतांची अवकळा सुरू झाली. नव्या रंगांचें शिक्षण देशी भाषेंतून द्यावें, हें ज्यांनीं वेळींच ओळखलें त्यांत बडोद्याचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे अग्रणी होत. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें १८९० सालीं तेथें निघालेल्या कलाभवनांत रंगकाम व छपाई शिकविली जाई. आपले दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर ह्याच कलाभवनांत शिकले. सगळेच नवे रंग निर्दोष निघाले असें मात्र नाहीं. कांहीं ॲझो रंगांपासून कर्करोगकारक द्रव्यें सुटतात असें दिसून आल्यावर १९९७ सालीं भारत सरकारनें सत्तर रंगांवर बंदी घातली, आणि परदेशीं माल धाडणाऱ्या गांवांतील रंगखान्यांना आपल्या डब्यांवरचीं नांवें नव्यानें वाचावीं लागलीं.

आतां शिक्षणाकडे. बालोद्यानाचा जनक फ्रोबेल ह्यानें मुलाच्या हातीं जें पहिलें खेळणें दिलें, तें म्हणजे लोकरीच्या धाग्यानें मढविलेले सहा रंगांचे सहा चेंडू. रोममध्यें १९०७ सालीं डॉ. माँटेसरी ह्यांनीं आपलें बालगृह काढलें, तेव्हां त्यांच्या रंगशिक्षणाच्या पट्ट्यांवर रेशमाचे व लोकरीचेच धागे गुंडाळलेले होते: आठ रंग, आणि प्रत्येकाच्या गडदापासून फिक्यापर्यंत आठ पायऱ्या. क्रम पहावा. प्रथम अगदीं भिन्न अशा रंगांच्या जोड्या जुळवावयाच्या. मग रंग वाढवावयाचे. शेवटीं एकाच रंगाच्या पायऱ्या ओळीनें लावावयाच्या. नांव मागाहून. आपण ह्याच्या उलट करतों. 'लाल म्हण, हिरवा म्हण' असें आधीं वदवून घेतों, आणि डोळ्याला काय दिसलें हें विचारायचें राहूनच जातें.

बॉस्टनचा चित्रकार व शिक्षक अल्बर्ट मन्सेल ह्याचें १९०५ सालचें पुस्तक मुलांना रंगाचीं मापें शिकविण्याच्याच हेतूनें लिहिलेलें आहे. त्यानें प्रत्येक रंगाला तीन मापें लावलीं: त्याची जात, त्याचा उजळपणा आणि त्याचा भडकपणा. मराठींत आपण 'फिका' हा एकच शब्द दोहोंसाठीं वापरून गल्लत करतों. गुलाबीही फिका आणि मळून गेलेला विटकरीही फिका. पण पहिल्यांत उजळपणा चढला आहे, दुसऱ्यांत भडकपणा उतरला आहे. वास्तविक आपल्या भाषेंत शब्दांची टंचाई नाहीं. उजळ, काळपट, भडक, मंद, मळकट हे सगळे शब्द घरांत आहेत. ते नेमकेपणानें वापरण्याची संवय तेवढी नाहीं.

हीं विलायती साधनें महाग, असें कोणी म्हणेल. ताराबाई मोडक ह्यांनीं हा आक्षेप फार पूर्वींच निकालांत काढला. १९४५ सालीं त्या ठाणें जिल्ह्यांत बोर्डीस गेल्या, आणि तेथील मुलांसाठीं त्यांनीं शंख-शिंपले, दगडगोटे, पानें, बिया ह्यांचींच शिक्षणसाधनें केलीं. समुद्रकांठच्या मुलांना शिंपले, तर सोलापूरच्या मुलांना सूत! मागाच्या खालीं पडणारीं सुताचीं तुकडे-टोकें जमविलीं, तर माँटेसरीबाईंच्या चौसष्ट पट्ट्या दिवाळीच्या सुटींत घरच्या घरीं तयार होतील. आम्हीं त्या केल्या. पुठ्ठ्यांवर सूत गुंडाळण्याचें काम मातोश्रींनीं घेतलें, आणि त्यांच्या मापांत सूतभरही फरक पडला नाहीं.

ह्याच पट्ट्यांनीं आम्हांस मूळ प्रश्नावर परत आणलें. १८७५ सालीं स्वीडनमध्यें दोन आगगाड्यांची टक्कर झाली. उप्सालाच्या फ्रिट्यॉफ होल्मग्रेन ह्या शरीरशास्त्रज्ञास संशय आला, कीं सिग्नलाचा रंग चालकाला ओळखूं आला नसावा. त्या अपघाताचें खरें कारण तेंच होतें कीं नाहीं, ह्यावर पुढें वाद झाला. पण होल्मग्रेननें रेल्वेच्या नोकरांपुढें लोकरीच्या रंगीत लड्यांचा ढीग मांडला, आणि हातांत एक लडी देऊन म्हटलें, हिच्यासारख्या काढा. नांव विचारलें नाहीं, जुळवायला सांगितलें. हिरव्या लडीशेजारीं तपकिरी व राखाडी लड्या आणून ठेवणारे लोक निघाले, आणि त्यांना स्वतःलाही तोंवर आपला दोष ठाऊक नव्हता.

आमच्या पुतण्यानें पट्ट्यांचें तेंच केलें. हिरव्याच्या ओळींत तपकिरी घुसल्या, तांबड्याच्या गडद पट्ट्या काळ्याजवळ गेल्या. निळ्या व पिवळ्या मात्र त्यानें आमच्याहून लवकर आणि बिनचूक लावल्या. मग नेत्रवैद्यांकडे नेलें. त्यांनीं जपानी डॉक्टर इशिहारा ह्यांचीं, १९१७ पासून प्रचारांत असलेलीं, ठिपक्यांचीं चित्रें दाखविलीं आणि तांबडा-हिरवा भेद ह्याला नीट दिसत नाहीं असें सांगितलें. हा रोग नव्हे; वाढत नाहीं, आणि औषधानें जातही नाहीं. युरोपांतील पुरुषांत शेंकडा सुमारें ८ जणांस तो असतो. आपल्याकडे प्रमाण कमी आढळतें. स्त्रियांत तो क्वचितच दिसतो, पण मुलाला तो येतो आईकडूनच. तिला स्वतःला बहुधा कांहीं जाणवत नाहीं. पाहिलें तर तिच्या वडिलांत किंवा भावांत तो सांपडतो.

वहिनी गप्प झाल्या होत्या त्या ह्यामुळें. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणीं एक मोजा हिरवा व एक तपकिरी घालून शाळेंत गेला होता, आणि घरांत ती थट्टेची गोष्ट होऊन बसली होती. आतां त्यांनीं त्याला फोन करून सगळें सांगितलें. पलीकडे तो बराच वेळ बोलेना. मग म्हणाला, "ताई, मी रेल्वेच्या लेखी परीक्षेंत नापास झालों नव्हतों." पंधरा वर्षांपूर्वीं इंजिनावरच्या जागेसाठीं तो निवडला गेला होता, डोळ्यांच्या तपासणींत त्याला परत पाठविलें. रंग दिसत नाहीं हें सांगायची लाज वाटली, म्हणून पेपर कठीण गेला असें त्यानें घरीं सांगितलें, आणि अभ्यास केला नाहींस म्हणून वडिलांचीं बोलणीं मुकाट्यानें ऐकून घेतलीं. वडील आतां हयात नाहींत.

त्या रात्रीं जेवतांना आमच्या एका वडीलधाऱ्या नातलगांनीं 'म्हणजे हें माहेरचें' असे शब्द काढले. वहिनींनीं मान खालीं घातली. मातोश्री ताट वाढीत होत्या, त्या म्हणाल्या, "माहेरचे डोळे आले तशी माहेरची बुद्धिही आली. गणितांत पहिला येतो तेव्हां कोणी माहेर काढलें नव्हतें." पुढें कोणी बोललें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं बंधू शाळेंत जाऊन मास्तरांना भेटले. मास्तरांना खरोखरच वाईट वाटलें. त्यांनीं शेरा खोडला आणि वड्यांवर रंगांचीं नांवें लिहून देण्याची सूचना आपणहून केली. नांवें मातोश्रींनीं लिहिलीं, त्यांच्या वळणदार बाळबोध अक्षरांत. जास्वंदीचीं फुलें आतां आमची पुतणी तोडते. पारिजातकाचीं वेंचण्याचें काम मुलाकडे आलें आहे, तीं पांढरीं असल्यामुळें एकही सुटत नाहीं.

गेल्या महिन्यांत मामा आला होता. तो एका टॉवेलच्या कारखान्यांत हिशेब लिहितो. मामा-भाचे सुताच्या कांड्या मांडून बसले, तेव्हां भाच्यानें विचारलें, "मामा, ही कोणती?" मामानें कांडी उलटून तळाचा कागद वाचला व म्हणाला, "हिरवी. मलाही वाचूनच कळतें रे." दोघेही हंसले. मग मुलानें चौकडीचा कागद घेतला आणि विणकराच्या नकाशासारखी एकेक चौकट भरीत मोर काढायला बसला. निळ्या जमिनीवर पिवळा. अर्ध्या तासानें त्यानें कागद उलटला, खिडकीच्या कांचेवर धरला, आणि मागच्या बाजूनें तोच मोर पिवळ्या जमिनीवर निळा भरूं लागला.